फुलीसाहेब गाडी निवडतात

फुलीसाहेब एकतीस वर्षं वाहन परवाना कचेरीत परीक्षक होते. गाडी चालवायची परीक्षा द्यायला आलेल्या माणसाच्या शेजारी बसायचं, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर छापील तक्ता, आणि चूक झाली की त्या रकान्यात एक ठसठशीत फुली. त्यांचं खरं नाव कचेरीच्या दारावर पितळी पाटीवर कोरलेलं होतं, पण ते वाचण्याइतकं भान दारातून आत जाणाऱ्याला नसे आणि बाहेर येणाऱ्याला तर नसेच. शंभरातले साठ जण ते नापास करायचे. उरलेल्या चाळिसांकडे, आपल्या नजरेतून काहीतरी निसटलेलं दिसतंय, अशा संशयानं बघायचे.

गाडीतलं आपल्याला सगळं कळतं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. खरं तर त्यांना गाडी चालवणारा कळायचा. गाडीचं बॉनेट त्यांनी आयुष्यात दोनदा उघडलं होतं, आणि दोन्ही वेळा ते बंद करायला दुसऱ्या कुणाला तरी हाक मारावी लागली होती.

निवृत्त झाल्यावर चार महिने त्यांनी घरातल्या घरात काम सुरू ठेवलं. बायको भाजी चिरताना बोटं कशी धरते, दूधवाला सायकल कुठं टेकवतो, शेजारी फाटक लावताना मागं बघतो की नाही. बायको पुढच्या खोलीत सोफ्याची कव्हरं आणि पडदे शिवून द्यायची. जाड कापडाच्या मशीनचा आवाज तिनं त्या चार महिन्यांत जरा वाढवलाच होता.

मग नातीचा वाढदिवस आला. लेकीच्या सासऱ्यांनी, म्हणजे दंतवैद्य व्याह्यांनी, त्या दिवशी दारात एक साय-रंगाची, दोन दारांची, पन्नास वर्षं जुनी गाडी आणून उभी केली. चकचकीत. चाकांना तारांच्या जाळ्या. सगळी पंगत हातातल्या बशा ठेवून अंगणात धावली. खोलीत फक्त फुलीसाहेब आणि अर्धा केक राहिला.

"अहो व्याहीबुवा, बाहेर या की!" दंतवैद्य खिडकीतून ओरडले. "भंगारात पडली होती. नव्यानं उभी केली. तुम्ही तर याच क्षेत्रातले. घ्या एखादी तुम्हीही. पण पहिलीच वेळ आहे तुमची, सोपं मॉडेल घ्या हं."

त्या 'सोपं'नं घात केला. साहेब घरी आले. चप्पल काढता काढता म्हणाले, "मी जुनी गाडी घेणार आहे. नव्यानं उभी करणार आहे."

"कुठली?" बायकोनं विचारलं.

"तेच तर ठरवायचंय."

"मग ठरवा. ठरलं की सांगा, तोवर मी डॉक्टरीणबाईंचे पडदे संपवते."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी जेवणाच्या टेबलावर तक्ता आखायला घेतला. मॉडेल कसं निवडावं याचे बेचाळीस मुद्दे निघाले. दरवाजाचा आवाज, आरशाचा कोन, हॉर्नचा स्वर, चालकाची बैठक, शेजाऱ्याची बैठक. वाचनालयातून जुन्या गाड्यांची जाडजूड पुस्तकं आली आणि साहेबांनी सहा आठवड्यांत एकशे अठरा मॉडेलं तपासून त्यांतली एकशे पंधरा नापास केली. एकीला वायपर एकच होता. एकीची दारं उलटी उघडत होती. एका नामांकित गाडीचा वेगदर्शक काटा मधोमध बसवला होता, तो शेजाऱ्यालाही दिसत होता. एरवी ही त्यांना सोय वाटली असती, पण चालकाच्या शिस्तीला ते मारक आहे असं त्यांनी समासात लिहिलं. ती गाडी बनवणाऱ्यांपैकी कुणी आता जिवंत असण्याची शक्यता कमी होती. तरी फुली मारल्यावर साहेबांना बरं वाटलं.

मधल्या एका रविवारी व्याह्यांनी त्यांना आपल्या जुन्या गाड्यांच्या मंडळात नेलं. अकरा सभासद हॉटेलच्या गच्चीवर बसले होते. पहिल्या प्रकल्पाला कुठलं मॉडेल घ्यावं, असं साहेबांनी विचारायचा अवकाश, अकराही जण एकदम बोलायला लागले.

"लहान इंजिन घेऊ नका, ती गाडीच नव्हे."

"मोठं इंजिन घेऊ नका, ते पेट्रोल पीत नाही, आंघोळ करतं."

"उघड्या टपाची घ्या."

"उघड्या टपाची? वेड लागलंय का? आतून गंजते ती!"

कोपऱ्यात एक निवृत्त न्यायाधीश शांत बसले होते. त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि आपल्याकडे असलेलं मॉडेल सोडून जगात दुसरं मॉडेलच नाही असा निवाडा दिला.

"तुमची गाडी कशी चालते?" साहेबांनी विचारलं.

"चालते म्हणजे? तिचं काम सुरू आहे."

"किती दिवस?"

"येत्या मार्चमध्ये चौदा वर्षं होतील."

अकरांपैकी दोघंच आपापल्या जुन्या गाडीनं आले होते. त्यातले एक परत जाताना दुसऱ्याच्या दोरीला बांधून गेले. चहाच्या वेळी साहेबांना आणखी एक गोष्ट कळली. दंतवैद्यांची साय-रंगाची गाडी एका कारखान्यानं चार महिन्यांत करून दिली होती. व्याह्यांनी स्वतः फक्त रंग निवडला होता, आणि तोही विहीणबाईंना विचारून. साहेब त्या दिवशी गच्चीवरून फार हलक्या पावलांनी उतरले.

तीन मॉडेलं उरली होती. जाहिराती बघून साहेबांनी फोन केले. पहिल्या माणसानं नाव विचारलं, ऐकलं, "तेच का परीक्षक?" म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

दुसरी गाडी एका बेकरीवाल्याची होती. लांबलचक, काळी, एके काळी मंत्र्यासंत्र्यांना फिरवणारी. मोठ्या लोकांनी वापरलेली म्हणून साहेबांचा तिच्यावर फार जीव जडला होता. बेकरीवाला पिठाचे हात पुसत बाहेर आला, आणि साहेबांकडे बघून त्याचे हात पुसायचे थांबले.

"तुम्ही मला तीनदा नापास केलंत," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा मी खांबाला शिवलोसुद्धा नव्हतो."

"शिवला असाल."

"नव्हतो शिवलो! एक वीत अंतर होतं. नऊ वर्षं झाली, मी अजून स्वप्नात तो खांब बघतो." त्यानं दाराशेजारच्या दोन मोठ्या कुंड्या उचलून अंगणात नेल्या आणि मापून ठेवल्या. "गाडी घ्यायची ना? घ्या. आधी ही दोन कुंड्यांच्या मधून मागं घेऊन दाखवा."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. फुलीसाहेबांकडे गाडी चालवायचा परवाना होता. तो दर वेळी मुदत संपली की शेजारच्या खोलीतले सहकारी नवा करून देत, चहा पिता पिता. पण परीक्षक झाल्यापासून स्टिअरिंगच्या चक्रामागं ते बसलेच नव्हते. कचेरीत जायला बस होती, बाहेरगावी जायला आगगाडी होती, आणि गाडीत बसण्याची हौस रोज चौदा उमेदवार भागवत होते.

त्यांनी काळ्या गाडीचं दार उघडलं, बसले, आणि पायाखाली काय काय आहे ते वाकून बघितलं. गाडी दोनदा आचके देऊन बंद पडली. तिसऱ्यांदा ती मागं गेली. पहिली कुंडी फुटली. घाबरून साहेबांनी चक्र दुसरीकडे फिरवलं, तर दुसरीही फुटली.

बेकरीवाल्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की त्यानं कुंड्यांचं नावसुद्धा काढलं नाही. आत जाऊन एक ताजा पाव कागदात बांधून आणला आणि साहेबांच्या हातात ठेवला.

"नऊ वर्षांनी आज झोप लागेल," तो म्हणाला. "गाडी मात्र मी विकत नाही."

तिसरी गाडी केशकर्तनालय चालवणाऱ्या एका बाईंची. बेडकीसारखी बुटकी, लाल, वेगासाठी बनवलेली. तिथं साहेबांनी चालवण्याचा प्रश्नच येऊ दिला नाही. फक्त आत बसून बघतो म्हणाले. बसायला बसले, उठता येईना. गुडघे डॅशबोर्डखाली अडकले आणि पाठ सीटच्या खोबणीत. बाईंनी दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना, एकीच्या डोक्याला रंग लावलेला होता तशीच, बाहेर बोलावलं आणि तिघींनी मिळून साहेबांना ओढून काढलं. त्यांच्या एकुलत्या एका पांढऱ्या सदऱ्यावर तपकिरी रंगाची पाच बोटं उमटली.

त्या संध्याकाळी साहेबांनी बेचाळीस मुद्द्यांचा तक्ता गुंडाळून कपाटावर टाकला. बायको सदरा घासत होती. एकशे अठरा मॉडेलं संपली होती.

"जमलं नाही का?" तिनं विचारलं.

"निवडण्यासारखं मॉडेलच नाही बाजारात."

"असं." तिनं सदरा पिळला. "मोटार शाळेच्या बाई आज आल्या होत्या. खुर्च्यांची कव्हरं नकोत म्हणाल्या, शाळा बंद करतायत. शेडमध्ये एक जुनी गाडी पडलीय म्हणे त्यांची. जाऊन तरी बघा. नाहीतर उद्यापासून परत माझ्या भाजीवर नजर."

मोटार शाळेच्या बाईंना सगळं गाव मास्तरीणबाई म्हणायचं. त्यांनी सत्तावीस वर्षं लोकांना गाडी शिकवली होती, आणि शिकवलेले लोक फुलीसाहेबांनी सत्तावीस वर्षं परत पाठवले होते. शाळेच्या भिंतीवर 'पहिल्याच फेरीत पास' असं रंगवलेलं होतं; सातव्या वर्षी बाईंनी त्यातलं 'पहिल्याच' खोडून घेतलं होतं. त्यामुळे साहेब शेडच्या दाराशी जरा घुटमळलेच.

"या साहेब," बाई म्हणाल्या. त्या ग्रीसनं माखलेल्या बाह्या वर सारून उभ्या होत्या. "ही बघा. डबा."

गाडी खरंच डब्यासारखी होती. चौकोनी, चार दारांची, रंग उडालेली. मडगार्ड गंजून चाळणी झाली होती. हे मॉडेल साहेबांच्या एकशे अठरांत नव्हतंच. पुस्तकवाल्यांनी त्याला पुस्तकात घ्यायच्या लायकीचं मानलं नव्हतं. एके काळी ही गाडी दर तिसऱ्या दारात उभी असायची, म्हणून तिचा कुणी फोटोही काढला नव्हता.

"ही काय जुनी गाडी?" साहेब नाक मुरडून म्हणाले. "ही नुसतीच जुनी आहे."

बाईंनी बॉनेट उघडून एका काठीवर टेकवलं. "वाकून बघा आत. काय दिसतं?"

"इंजिन."

"त्याच्या बाजूला?"

साहेबांनी वाकून बघितलं. "जमीन दिसतेय."

"पहिल्यांदा करायला गाडी अशी घ्यावी की बॉनेट उघडलं तर जमीन दिसली पाहिजे. हात आत जातो, पाना फिरतो, नट पडला तर खाली सापडतो. दोन माणसांत इंजिन बाहेर निघतं. आणि सामान कुठल्याही भंगारवाल्याकडे मिळतं, कारण एवढ्या गाड्या बनल्या होत्या की संपता संपत नाहीत. तुमच्या त्या मंत्र्यांच्या गाडीचा एक दिवा शोधायला दोन वर्षं जातील." त्यांनी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. "बसा."

साहेब सवयीनं चालकाच्या शेजारच्या सीटवर बसले. आणि बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय आपोआप पुढं सरकून एका पेडलवर जाऊन थांबला. शिकवणीच्या गाडीला शेजाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतात, तो हा ब्रेक होता. त्याचं रबर एका कडेनं झिजलेलं होतं. डॅशबोर्डच्या खालच्या कडेला, जिथं पुठ्ठा टेकायचा, तिथं बोटभर लांबीची एक खाच पडली होती. साहेबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

याच गाडीत ते हजारदा बसले होते. बाहेरून तिला त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. कचेरीच्या फाटकातून यायचं, दार उघडायचं, तक्त्यात मान घालायची.

"ही घेतो," ते म्हणाले. "एकही मुद्दा न तपासता घेतो."

"तुम्ही घ्याल हो," मास्तरीणबाई म्हणाल्या, "पण मी देईन का? सत्तावीस वर्षं सांभाळलेली गाडी आहे. चालवता न येणाऱ्या माणसाच्या हातात नाही द्यायची मी. कुंड्यांचं ऐकलंय मी. शाळेची दुसरी गाडी महिनाअखेरपर्यंत आहे. या रोज सकाळी सातला."

आणि फुलीसाहेब रोज सकाळी सातला शिकायला जायला लागले. गाडीच्या टपावर लाल अक्षरात 'शिकाऊ' अशी पाटी होती. पहिल्या आठवड्यात चौकात गर्दी जमायची. दुकानदार शटर अर्धं उघडून खालून बघायचे. बेकरीवाल्यानं तर बाकडं बाहेर आणून ठेवलं. साहेबांची गाडी चढावर मागं सरकली की कुणी टाळ्या वाजवत नसे, पण कुणी घरीही जात नसे.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी परीक्षा घेतली. साहेबांच्या मते सगळं बिनचूक झालं. बाईंनी वहीत फुली मारली.

"कशाबद्दल?" साहेब उसळले.

"आरसा बघितला नाहीत."

"बघितला! तिन्ही वेळा बघितला!"

"बघितल्यासारखं केलंत. मान फिरवलीत, नजर नाही फिरवली." बाईंनी वही मिटली. "हे वाक्य माझं नाही साहेब. माझ्या एका विद्यार्थिनीला तुम्ही हे सुनावलं होतं. ती पोर रडत रडत पायी घरी गेली होती."

साहेब गाडीतून उतरले. बसथांबा मागं टाकून पायीच घरी आले, आणि रस्ताभर त्या मुलीचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत राहिले. आठवला नाही. तिच्या तक्त्यातला रकाना मात्र आठवला, सतरावा.

दुसऱ्या खेपेला ते चढावर नापास झाले. तिसऱ्या खेपेला पास झाले, तेव्हा बाईंनी त्यांच्याकडे, आपल्या नजरेतून काहीतरी निसटलेलं दिसतंय, अशा संशयानं बघितलं आणि डब्याची किल्ली दिली.

पुढचे आठ महिने घराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत गाडीचं काम चाललं. मास्तरीणबाई आठवड्यातून दोनदा येऊन दाखवायच्या, साहेब करायचे. सुरुवातीला ते प्रत्येक नट काढल्यावर त्यातला दोष सांगायचे. "दोष मलाही दिसतोय," बाई म्हणायच्या, "आता तो काढा." ही दुसरी पायरी साहेबांना नवीन होती. गंजलेला पत्रा कापून नवा जोडायला वेल्डरकडे गेले, कार्ब्युरेटर तीनदा खोलून तीनदा बसवला आणि तिन्ही वेळा सुट्या भागांच्या बशीत एक स्प्रिंग उरली. चौथ्यांदा उरली नाही. त्या दिवशी बायकोला हाका मारून त्यांनी तिला रिकामी बशी दाखवली. ती सीटची मापं घ्यायला आली ती तिथंच रमली. जुनं कापड उसवून, आतला काथ्या बदलून तिनं चारही सीटं निळ्या जाड कापडात शिवली. शिवण एवढी सरळ होती की साहेबांनी पट्टी लावून बघितली आणि पट्टीवरच शंका घेतली.

रंग तेवढा बाकी होता, तेव्हा दंतवैद्य व्याही बघायला आले. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, हात मागं बांधून.

"पहिल्या प्रयत्नाच्या मानानं ठीक," ते म्हणाले. "पण व्याहीबुवा, हे शेजारचे ब्रेक-क्लच आधी काढून टाका. कंपनीनं दिले नव्हते ते. मंडळात गुण कापतात. अस्सलपणा गेला की गाडीत राहिलं काय?"

साहेबांनी बायकोकडे बघितलं. ती शेजारच्या सीटवर बसून शेवटचा टाका घालत होती.

"ते माझ्या बाजूचे आहेत," ती दातानं दोरा तोडत म्हणाली. "राहू देत."

मग चालवून बघायचं ठरलं. साहेब चक्रामागं, बायको शेजारी, व्याही मागच्या सीटवर मधोमध, दोन्ही सीटांच्या मधून तोंड पुढं काढून बसलेले. डबा पहिल्याच झटक्यात सुरू झाला. गल्ली संपेपर्यंत व्याह्यांनी साहेबांना अस्सलपणा म्हणजे काय ते समजावलं. मोठ्या रस्त्यावर लागेपर्यंत रंग कसा निवडावा ते समजावलं. चौकाशी आल्यावर साहेबांना राहवलं नाही. ते मान वळवून म्हणाले, "रंगाचं मी बघतो व्याहीबुवा, तुमच्या रंगालासुद्धा विहीणबाईंनाच विचारावं..."

समोरून एक हातगाडी आडवी आली. साहेब मागं बघत होते. बायकोनं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

डबा जागच्या जागी उभा राहिला. हातगाडीवाला शिवी न देता पुढं गेला, इतकं अंतर राहिलं होतं. मागून मात्र 'टक्' असा आवाज आला. दंतवैद्यांचं तोंड पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्यावर आपटलं होतं आणि समोरच्या दाताचा एक टवका त्यांच्या तळहातावर पडला होता.

"अगंबाई!" बायको म्हणाली. "फार लागलं का हो? चला, आधी दातांच्या डॉक्टरकडे."

"कुणाकडे नेऊ?" साहेबांनी विचारलं. "बाजारातल्या त्या नव्या डॉक्टरांकडे?"

"छे!" व्याही रुमालातून फसफसले. "त्याचा हात जड आहे."

"पुलापलीकडच्या बाई?"

"रंग जुळवता येत नाही तिला."

"स्टेशनसमोरचे म्हातारे?"

"तो? तो माझ्या वर्गात होता. दोनदा नापास झालेला."

साहेबांनी दोन्ही आरसे बघितले, नीट नजर फिरवून बघितले, आणि डबा पुन्हा गियरमध्ये टाकला. इंजिन एका सुरात चालत होतं. चौकात बेकरीवाला बाकड्यावर बसला होता, त्यानं हात केला. साहेबांनी चौकाला एक फेरी घातली, मग दुसरी. मागच्या सीटवरून गावातले डॉक्टर एकेक करून बाद होत होते. शेजारी बायको खिडकीची काच खाली करून वारा घेत होती आणि तिचा एक पाय अजून ब्रेकवरच होता.

"आणखी कोण उरलंय का हो गावात?" तिनं मागं न बघता विचारलं.

"बघू," साहेब म्हणाले, आणि तिसरी फेरी घेतली.